वाकण्याचा मनाईहुकूम

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याच्या उत्तरेस, जिथे तापीखोऱ्याची काळी जमीन संपत येते आणि डोंगराचा चढ सुरू होतो, तिथे म्हसावद हे गाव आहे. आणि ज्याला मनुष्याच्या कमरेचा अभ्यास करावयाचा असेल त्याने शहरातील सुसज्ज व्यायामशाळा सोडून अशाच एखाद्या गावी येऊन बसावे, असे माझे मत दीर्घ व्यवसायाअंती झाले आहे. कापसाची वेचणी, मिरचीची तोडणी, निंदणी, ऊसतोड, पपईचे क्रेट गाडीत चढविणे आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत आणणे, ही येथील कामे. ती करणाऱ्या माणसांची पाठ सकाळी वाकते ती दिवस कलल्यावरच सरळ होते, आणि घरी गेल्यावरही चूल जमिनीवर, धुणे दगडावर आणि जेवण मांडी घालून, असाच क्रम असतो. अशा माणसाला ‘यापुढे वाकू नका’ असे सांगणे म्हणजे एका वाक्यात त्याची रोजी काढून घेणे होय. आणि तरीही, फिजिओथेरपीच्या माझ्या लहानशा खोलीत येणाऱ्यांत असे लोक फार थोडे, की ज्यांना हे वाक्य कोणीतरी, कधीतरी, मोठ्या अधिकाराने ऐकविलेले नसते.

त्यांची कैफियत बहुधा एकाच साच्याची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक्स-रेचे, अलीकडे एमआरआयचेही, मोठाले फोटो निघतात, ते खिडकीच्या उजेडाकडे धरले जातात आणि रोगी सांगतो, “मना मणकामा गॅप शे, भाऊ.” मग मनाईची यादी येते : वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, मांडी घालायची नाही, झोपायचे ते फळीवर, आणि कमरेचा पट्टा सोडायचा नाही. हे किती दिवस, असे विचारले तर उत्तर येते, की ते कोणी सांगितले नाही, म्हणजे जन्मभरच असणार. फोटोत जे दिसते ते वस्तुतः रोग्याच्या समजुतीच्या नेमके उलट असते. वयोमानाने चकतीतील पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि दोन मणक्यांमधील जागा रुंदावण्याऐवजी अरुंद होते. परंतु त्याच्या मनात पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेली उतरंड असते, तिच्यात कोठेतरी फट पडलेली असते, आणि एक चुकीचा धक्का लागला की सारी गाडगी खाली येणार, या धास्तीने तो स्वतःला वाहून नेत असतो.

याच्या तुलनेने जुन्या लोकसमजुती पुष्कळच निरुपद्रवी म्हणावयाच्या. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा शोध घ्यावा आणि त्याच्या पायाचा स्पर्श पाठीस करून घ्यावा, ही चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. तिची शास्त्रीय शिफारस मला करता येणार नाही. तथापि तिच्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे, ते असे, की पाय लागल्यावर मनुष्य ‘उसण गेली’ असे समजून उठतो आणि दुसऱ्या दिवशी शेतात जातो, आणि बहुतेक उसणी तशाही काही दिवसांत आपोआप ओसरणाऱ्याच असल्याने त्याचे काही बिघडत नाही. ‘आता जन्मभर जप’ असा हुकूम एखाद्या पायाळूने दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तो हुकूम शिकलेल्या माणसांनी दिलेला असतो.

एका मध्यमवयीन बाईची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. ती मजुरीने कापूस वेचणारी. दोन हंगामांपूर्वी कंबर धरली, तेव्हापासून लुगड्यावरून घट्ट आवळलेला पट्टा तिने झोपेखेरीज सोडलेला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून पिशवीतून कागद काढताना तिच्या हातून एक नाणे निसटून फरशीवर पडले. मी ते उचलून देण्यास उठलो नाही. कारण जी तपासणी मी पुढे करणार होतो तीच आता आपोआप घडणार होती. बाईने एक हात भिंतीला लावला, श्वास रोखला, दोन्ही गुडघे हळूहळू दुमडले, मान वर, नजर छताकडे, आणि पाठ खांबासारखी न हलविता आंधळ्या बोटांनी ती फरशी चाचपू लागली. नाणे हाती लागले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. कमरेचा एकही मणका वाकलेला नव्हता. मांड्या मात्र थरथरत होत्या, आणि पाठीचे दोन्ही बाजूंचे स्नायू बोट लावावे तर दगडासारखे लागत होते.

मग मी तिला खाटेवर उताणे निजविले आणि दोन्ही गुडघे छातीशी घ्यावयास सांगितले. तिने ते विनासायास घेतले. दुखते का, असे विचारले, नाही म्हणाली. या स्थितीत तिची कंबर जेवढी वाकली होती तेवढी नाणे उचलण्यास लागलीही नसती; परंतु निजलेल्या अवस्थेत वाकणे हे वाकणे आहे, असे तिला कोणी सांगितलेले नसल्यामुळे भीतीला तिथे शिरकाव मिळाला नव्हता. “मावशी, हेच तर वाकणं,” असे मी म्हणालो तेव्हा तिने गुडघे पटकन सोडून दिले आणि माझ्याकडे अविश्वासाने पाहिले. पुढचा उपचार सांगावयाचा तर फारसा नाट्यमय नाही. हातापायांवर ओणवे होऊन पाठ वर उचलायची आणि खाली सोडायची, श्वास न कोंडता. नंतर नाणे स्टुलावर, मग पाटावर, मग फरशीवर ठेवून उचलायचे. पट्टा प्रथम घटकाभर, मग अर्धा दिवस सोडायचा. पुढे रिकामे घमेले, मग थोडी माती घातलेले. काही आठवड्यांनी ती वेचणीस जाऊ लागली, प्रथम अर्ध्या दिवसाच्या बोलीने. कंबर अजून अधूनमधून दुखते, असे ती सांगते. दुखणे आणि मोडणे यांतला भेद मात्र तिला आता कळला आहे, आणि माझ्या व्यवसायात याहून मोठे यश मी क्वचितच मागतो.

शरीररचनेकडे पाहिले तर हा भेद समजण्यास कठीण पडू नये. कवटीपासून माकडहाडापर्यंत, एकमेकांवर हलू शकतील असे चोवीस मणके निसर्गाने आपल्याला दिले आहेत आणि त्यांच्यामध्ये तेवीस चकत्या. न हलणारा कणाच हवा असता तर एका अखंड हाडावर भागले असते. ही चकती दोन मणक्यांमध्ये सुटी ठेवलेली नसते, म्हणून ती ‘सरकत’ नाही; तिचे चिवट तंतू वरच्या व खालच्या मणक्यांत रुतलेले असतात. तिचा मधला मऊ भाग या तंतूंना भेदून बाहेर येऊ शकतो हे खरे, आणि 1934 साली मिक्स्टर व बार या दोन अमेरिकन शल्यवैद्यांनी पायात उतरणाऱ्या कळेचा संबंध त्याच्याशी जोडून दाखविला तेव्हापासून साऱ्या जगाचे लक्ष या चकतीवर खिळले. परंतु बाहेर आलेला हा भाग पुष्कळदा शरीर कालांतराने स्वतःच शोषून घेते, ही गोष्ट तितक्या तत्परतेने गावोगाव पोचली नाही. शिवाय प्रौढ माणसाच्या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात; तिला लागणारे पोषण लगतच्या हाडातून झिरपत येते, आणि भार पडणे व उतरणे, वाकणे व सरळ होणे, या व्यवहाराचे त्यास साहाय्य होते. हालचाल बंद करून चकतीचे रक्षण करू पाहणारा मनुष्य तिचा शिधाच आखडता करीत असतो.

वाकण्याविषयीच्या भीतीस शास्त्राचा आधारच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून तिच्यातील दाब मोजला, आणि पुढे वाकून ओझे धरले असता तो दाब फार वाढतो, किंबहुना नुसते बसल्यानेही उभे राहण्यापेक्षा वाढतो, असे दाखविले. त्या आकड्यांची चित्रे जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागली. 1999 मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी एका स्वयंसेवकावर हेच मापन केले, तेव्हा सैल बसलेल्या स्थितीतील दाब उभ्याच्या दाबाहून अधिक भरला नाही. वाकून ओझे उचलताना तो वाढतो, हे मात्र कायम राहिले. परंतु दाब वाढणे हा काही इजेचा दाखला नव्हे, चालताना गुडघ्यावरही दाब वाढतोच. पुढे डुकरांचे मृत मणके यंत्रात घालून, भाराखाली हजारो वेळा वाकवून, चकती फुटते हेही दाखविण्यात आले. त्या प्रयोगाची किंमत मी कमी लेखत नाही, पण मृत मणक्याला रात्र नसते, विश्रांती नसते, झीज भरून काढण्याची शक्ती नसते आणि श्रमाने बळकट होण्याची सोयही नसते. म्हसावदच्या मजुराला या सर्व गोष्टी, विश्रांती सोडल्यास, उपलब्ध आहेत.

फोटोंविषयीही असेच. 1994 मध्ये जेन्सन व सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले, तर सर्व चकत्या निर्दोष असलेली माणसे केवळ 36 टक्के निघाली आणि निम्म्याहून अधिकांची निदान एक चकती फुगलेली होती. पुढे 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या निरोगी माणसांतही 37 टक्क्यांच्या चकतीत झिजेची चिन्हे दिसतात आणि ऐंशीच्या घरात ती जवळजवळ सर्वांतच दिसतात, असे आढळले. डोक्यावरचे केस पिकले म्हणून कोणी कोणाला चालण्याची मनाई करीत नाही. कण्याच्या आतले पिकणे दिसू लागताच मात्र आपण घाबरतो.

मनाई पसरण्यापूर्वी आपल्या लोकांना कण्याची चांगली ओळख होती. आखाड्यातील जोर, मल्लखांबावरील उलट्या पकडी, कुस्तीगिराने मान व टाचा टेकून बांधलेला पूल, हे सारे कण्याचेच व्यायाम. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार केला, त्यांत तर कणा मागे, पुढे, पुन्हा मागे आणि पुन्हा पुढे असा वाकतो. ज्यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत नेऊन क्ष-किरणांखाली तपासल्या आणि 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले ते स्वामी कुवलयानंद त्यापूर्वी काही वर्षे आमच्या खानदेशात, अमळनेर येथे, अध्यापन करीत होते, याचा मला एक प्रकारचा प्रांतिक अभिमान वाटतो. तथापि परंपरेचा दाखला देऊन ‘वाकण्याने कधीच काही होत नाही’ असे म्हणणे हीसुद्धा एक गैरसमजूतच होईल. आखाड्याचे खरे शास्त्र त्याच्या क्रमात होते. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी पूल बांधावयास लावीत नसे; माती उकरणे, थोडे जोर, थोड्या बैठका, पुढच्या महिन्यात थोडे अधिक, अशी त्याची चाल असे.

हा क्रमच आता हरवत चालला आहे, आणि त्याचे उदाहरण पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांत मला वरचेवर दिसते. भरतीस सोळाशे मीटर धाव, शंभर मीटर धाव आणि गोळाफेक. गोळा फेकताना कंबर, पाठ आणि खांदा एका झटक्यात पिळला जातो. असाच एक पोरगा कंबर धरून आला आणि म्हणाला, की जिममध्ये डेडलिफ्ट मारताना पाठ जराशी वाकली, तेवढ्याने मणका गेला. मी त्याची उलटतपासणी घेतली. मागच्या आठवड्यात किती वजन उचललेस? लग्नसराईमुळे गेलोच नव्हतो. त्या दिवशी किती घातलेस? मित्रांनी चढवले तेवढे. त्या दिवशी आणखी काय केलेस? सकाळी दोन गाड्यांत पपई भरली. आता या मामल्यात गुन्हेगार कोण, हे सांगण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पण पोरगा मात्र त्या एका वाकण्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून बसला होता.

अतिशय जड वजन उचलताना पाठ फारशी हलू देऊ नये, हा त्या कसबातील एक उपयुक्त शिरस्ता आहे आणि तो मी मोडावयास सांगत नाही. मात्र तंतोतंत ताठ पाठ हीदेखील बरीचशी कल्पनाच असते. मोजून पाहिले तर, ताठ ठेवली आहे असे वाटत असतानाही कमरेचे मणके बऱ्यापैकी वाकलेले आढळतात. लोखंडी दांड्यासाठी केलेला नियम चप्पल उचलण्यास, मूल कडेवर घेण्यास, नमस्कारास लागू केला, की शिरस्त्याचा जुलूम होतो. ओझे उचलताना कंबर अधिक वाकविणाऱ्यांचीच कंबर दुखते, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. आणि ‘योग्य पद्धतीने’ उचलण्याचे शिक्षण कामगारांना देऊन त्यांची कंबरदुखी टळते, असाही अनुभव आलेला नाही. पट्ट्याचीही तीच गत : अमेरिकेत 160 दुकानांतील माल हलविणाऱ्या नोकरांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला, त्यात पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. कडक फळीची कथाही निराळी नाही. 2003 मध्ये स्पेनमधील 313 रुग्णांवर केलेल्या परीक्षेत मध्यम कठीण गादी कठीण गादीहून सरस ठरली. भरतीच्या त्या पोराला मी वजन निम्म्यावर आणावयास लावले, पपई भरण्याच्या दिवशी जिमला सुट्टी दिली आणि दर आठवड्यास थोडी भर घालण्याची तजवीज केली. पाठ वाकविण्याचे व्यायामही दिले, हे ऐकून त्याच्या जिममालकाने हरकत घेतली; ती आम्ही दोघांनी चहावर मिटविली.

आता जिथे मनाई खरोखरच करावी लागते त्या जागाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर माझे हे लेखन बेजबाबदार ठरेल. ज्या वृद्ध स्त्रीची हाडे विरळ झाली आहेत तिला पोट आवळून पुढे वाकण्याचे व्यायाम देऊ नयेत. मेयो क्लिनिकमधील सिनाकी व मिकेल्सन यांनी 1984 साली अशा 59 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्क्यांत मणके नव्याने दबले, मागे वाकणाऱ्यांत 16 टक्क्यांतच. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. संध्याकाळचा बारीक ताप, घटत जाणारे वजन आणि रात्री निजू न देणारी पाठदुखी, ही त्रयी घेऊन कोणी आला तर मी व्यायामाचे नावही न काढता त्याला रुग्णालयात धाडतो. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि तो व्यायामाने नव्हे, औषधांनी बरा होतो. सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आहे. थंडीच्या दिवसांत, पाणी न पिता पळणाऱ्या एखाद्या आदिवासी मुलाच्या पाठीत व पायांत एकाएकी कळा उठल्या, तर ‘लचक भरली’ म्हणून त्याला चोळत बसणे घातक ठरेल. लघवी अडली वा नकळत होऊ लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ही माणसे थोडी असतात, परंतु त्यांना शंभरांतून वेचून काढण्यासाठीच आमचे शिक्षण असते. शंभरांनाही एकच मनाई बजावून मोकळे होण्यासाठी ते खर्ची घालावयाचे नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, की कण्यावर घातलेल्या प्रत्येक बंदीस कारण असले पाहिजे आणि मुदत असली पाहिजे. सरकारी मनाईहुकूमसुद्धा अमुक तारखेपर्यंत म्हणून निघतो. तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस जपून वागणे रास्तच आहे. पण 1986 साली डेयो व सहकाऱ्यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची सक्त विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा दोन दिवसांवर ठेवलेली माणसे दुखण्याच्या बाबतीत मागे पडली नाहीत आणि कामावर मात्र लवकर परतली. तेव्हा चिठ्ठीवर ‘वाकू नये’ असे लिहावेच लागले, तर का आणि कोणत्या दिवसापर्यंत, हे मी त्याच ओळीत लिहितो.

या नियमाची परीक्षा पाहणारी एक गोष्ट मात्र येथे राहिल्यावरच ध्यानात आली. काही बाया माझ्याकडे बंदी उठवून घेण्यासाठी येत नाहीत, वाढवून घेण्यासाठी येतात. पहाटे उठून पाणी, चूल, मग परक्याच्या शेतात दिवसभर निंदणी आणि परतल्यावर पुन्हा चूल, अशा जिण्यात ‘डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे’ हा कागद म्हणजे त्यांना मिळणारी एकमेव रजा असते. आणि मणका मोडला असल्याखेरीज घरात ती कोणी मंजूर करीत नाही. त्यांचा गैरसमज दूर करणे म्हणजे त्यांच्या हातून ती रजाही हिसकावून घेणे, हे मला दिसते. तथापि थकलेल्या बाईला विश्रांती मिळावी म्हणून तिचा धडधाकट कणा मोडका ठरवावा, हेही माझ्याने होत नाही, कारण रजा संपते आणि मोडकेपणाची समजूत उरते. अशा वेळी मी चिठ्ठीवर जे खरे आहे तेच लिहितो : मणका उत्तम, अतिश्रम, आठ दिवस पूर्ण विश्रांती. घरची मंडळी पुष्कळदा या कागदाला मान देत नाहीत, मग मी एकदा नवऱ्यालाच बोलावून घेतो आणि हे शब्द त्याला मोठ्याने वाचावयास लावतो.